कॅल्शियमची दारे

इस्पितळात रुग्णाच्या उशाशी टांगलेली 'आर. एल.'ची बाटली आपण सर्वांनीच पाहिली आहे. त्यातील 'एल' म्हणजे लॅक्टेट. ते १९३० च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी त्यात मिसळले. 'आर' मात्र त्याहून पन्नास वर्षांनी जुना आहे. तो सिडनी रिंगर यांचा. रिंगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील डॉक्टर. सकाळी रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता.

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले तरी योग्य द्रावणात बराच वेळ धडधडत राहते. ते द्रावण कोणते, हे रिंगर शोधत होते. १८८२ साली त्यांनी प्रसिद्ध केले की साध्या मिठाच्या पाण्यातही हृदय चांगले चालते. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी दुसरा लेख लिहिला आणि पहिल्याची दुरुस्ती केली. आधीचे मिठाचे पाणी ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नव्हते, ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले होते! ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदयाचे ठोके क्षीण होत गेले आणि सुमारे वीस मिनिटांत ते थांबले. त्यात चुनखडीच्या क्षाराची, म्हणजे कॅल्शियमची, अल्पशी मात्रा घातली आणि ठोके परत आले. कॅल्शियमच्या जोडीला पोटॅशियमही लागते, हेही त्यांनी दाखवले. नळाचे पाणी वापरण्याचा आळस प्रयोगशाळेतल्या पोऱ्याने केला, अशी गोष्ट पुढे रंगवून सांगितली गेली. रिंगर यांनी मात्र कोणाच्याही डोक्यावर खापर न फोडता काय घडले तेवढे लिहिले.

त्या नळाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३८ मिलिग्रॅम कॅल्शियम होते. त्याला अणुभार ४० ने भागा. उत्तर येते लिटरला जवळजवळ एक मिलिमोल. आपल्या रक्तातील मुक्त कॅल्शियम आयनांचे प्रमाण सव्वा मिलिमोलच्या आसपास असते. म्हणजे लंडनच्या नळाला जे येत होते ते या बाबतीत रक्ताच्या बरेच जवळ होते. न्यू रिव्हर ही नदी नव्हेच. १६१३ साली पुरा झालेला तो एक कालवा आहे आणि त्याचे पाणी हर्टफर्डशायरमधील खडूच्या डोंगराळ भागातील झऱ्यांचे. पाणी मृदू असते तर पहिल्याच दिवशी हृदय थांबले असते आणि शोध कदाचित एक वर्ष आधी लागला असता.

आत एक, बाहेर दहा हजार

हाडांमध्ये आणि शिंपल्यांमध्ये असणाऱ्या या धातूचे हृदयाच्या ठोक्याशी काय नाते? या प्रश्नाला पुढची साठ वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. ज्यांनी घेतले त्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ल्युइस हाइलब्रुन हे एक. १९४७ साली त्यांनी आणि विएर्चिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायूचे तंतू कापून त्यांची टोके उघडी केली आणि निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणांत ठेवली. नेहमी पेशीत आढळणाऱ्या क्षारांपैकी फक्त कॅल्शियमने तंतू आखडला. स्नायूला 'आकुंचन पाव' असे सांगणारा दूत कॅल्शियमच, असे हाइलब्रुन ठामपणे म्हणू लागले.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती पोरकट नव्हती. स्नायूशास्त्रातील अधिकारी पुरुष ए. व्ही. हिल यांनी १९४८ मध्ये साधे गणित मांडले: एखादा पदार्थ तंतूच्या पृष्ठभागातून आत शिरून मध्यापर्यंत झिरपत जायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या कितीतरी आधी स्नायू आकुंचन पावलेला असतो. मग दूत बाहेरून येतो हे कसे मानायचे? हिल यांचे गणित बरोबर होते. उत्तर १९६१-६२ च्या सुमारास मिळाले. जर्मनीत हासेलबाख आणि मूळ जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी दाखवले की स्नायूतंतूच्या आतच बारीक पिशव्यांचे जाळे असते आणि ते ऊर्जा खर्चून कॅल्शियम आपल्यात ओढून ठेवते. म्हणजे दूत बाहेरून यायची गरज नाही, घरातच त्याचे कोठार आहे. या कोठाराची आठवण ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता एक आकडा. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आयनांचे प्रमाण सुमारे एक मिलिमोल, तर विश्रांत पेशीच्या आतल्या द्रवात ते त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढे. बाहेर दहा हजार तर आत एक! पेशी इतका आटापिटा का करते? शाळेच्या प्रयोगशाळेत कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात डायसोडियम फॉस्फेटचे द्रावण घालून पाहा, लगेच पांढरा साका बसतो. पेशीचा सगळा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो. आत कॅल्शियम मोकळे सुटले तर तिथेही साका बसेल. त्यामुळे ते बाहेर फेकणारे आणि कोठारात भरणारे पंप पेशी अखंड चालवते. या सक्तीतूनच एक सोय निर्माण झाली. शांत वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. त्याप्रमाणे आत कॅल्शियम जवळजवळ नसल्यामुळे थोडेसे जरी आत आले तरी त्याची दखल घेतली जाते. सोडियम किंवा पोटॅशियमला हे काम जमले नसते, ते पेशीत आधीच पुष्कळ असतात.

दार उघडले की काही कण आत येतात, ठरावीक प्रथिनांना चिकटतात, प्रथिनांचा आकार बदलतो आणि काम सुरू होते. मग पंप आवरासावर करतात. काम कोणते, हे पेशीवर अवलंबून. स्नायू आखडतो, ग्रंथी स्रवते, पांढरी पेशी चाल करून जाते. पेशीच्या संदेशवहनातली ही बहुधा सर्वांत जुनी लिपी असावी.

मोरीत पडलेला उजेड

पण ही चिमूटभर वाढ दिसायची कशी? इथेही पाणीच मदतीला आले. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे जेलीफिश गोळा करत होते. त्यांच्यातला निळा प्रकाश देणारा पदार्थ त्यांना वेगळा काढायचा होता. एका संध्याकाळी काम झाल्यावर त्यांनी उरलेला अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशाने उजळून निघाली. त्या मोरीत मत्स्यालयातले समुद्राचे पाणी वाहून येत होते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियमने अर्क पेटला होता! त्यातील प्रथिनाला 'एक्वोरिन' असे नाव देऊन त्यांनी ते १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. १९६७ साली रिजवे आणि अ‍ॅशली यांनी ते बार्नकल या कवचधारी समुद्रजीवाच्या जाड स्नायूतंतूत टोचले. तंतूला चेतना देताच आधी प्रकाश चमकला आणि पाठोपाठ तंतू आखडला. हाइलब्रुन यांचा दूत प्रथमच जिवंत पेशीत काम करताना दिसला. तो पाहायला ते स्वतः हयात नव्हते, १९५९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

जेलीफिशची गरज पुढे रॉजर त्सियेन यांनी संपवली. १९८५ साली त्यांच्या गटाने 'फ्युरा-२' हा रंग तयार केला. तो पेशीत आपोआप शिरतो, आणि कॅल्शियमला चिकटला की त्याचे प्रकाश शोषण्याचे गुण बदलतात. आम्ही फ्युरा-२ भरलेल्या पेशी पडद्यावर पाहिल्या तेव्हा सर्वांत आश्चर्य वाटले ते त्यांच्या चंचलतेचे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पेशी स्वस्थ पडलेली असते. इथे मात्र कॅल्शियमच्या लाटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जात होत्या, विरत होत्या, पुन्हा उठत होत्या.

दोन तऱ्हेची दारे

कॅल्शियम ज्यांतून आत येते त्या प्रथिनांच्या नळ्यांना 'कॅल्शियम चॅनेल' म्हणतात. त्यांना आपण दारे म्हणू. पहिल्या तऱ्हेच्या दारांची चाहूल १९५३ मध्ये लागली. फॅट आणि कॅट्झ यांना खेकड्याच्या स्नायूत सोडियमशिवायही विद्युत्-स्पंद उमटताना आढळले. पुढे कळले की तिथे विद्युत्भार कॅल्शियम वाहून नेते. पेशीपटलावरचा विद्युत्दाब बदलला की ही दारे उघडतात. एकेका दाराचा प्रवाह मोजण्याचे तंत्र नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये दिले आणि १९९१ चे नोबेल मिळवले.

याच दारांमुळे एक औषधवर्ग जन्माला आला. फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्त फ्लेकनस्टाईन यांच्या १९६४ मध्ये लक्षात आले की काही हृद्रोगावरच्या औषधांचा परिणाम अगदी द्रावणातून कॅल्शियम काढून घेतल्यासारखा होतो. रिंगर यांचे थांबलेले हृदयच जणू औषधाने निर्माण केले होते! त्यातून 'कॅल्शियम-विरोधी' औषधे आली. आज रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी त्यांतलीच. वाचकांपैकी अनेकजण ती घेत असतील म्हणून सांगून ठेवतो. १९९६ मध्ये काही निरीक्षणांवरून या औषधांनी कर्करोगाचा धोका वाढतो की काय, अशी शंका निघाली होती. त्यानंतर तेहतीस हजारांहून अधिक रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत (निष्कर्ष २००२) अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्यांत कर्करोग अधिक आढळला नाही. तेव्हा या लेखातले पुढचे वाचून कोणी परस्पर गोळी बंद करू नये. आणि ती कर्करोगावर चालेल अशी आशाही धरू नये, कारण कर्करोगाच्या प्रसारात आपण ज्याचा विचार करणार आहोत ते दारच वेगळे आहे.

ते दुसऱ्या तऱ्हेचे दार. लाळग्रंथीच्या किंवा पांढऱ्या पेशींत स्नायूसारखे विद्युत्-स्पंद नसतात, तरी कॅल्शियमचे संदेश असतात. ते कसे? केंब्रिजचे मायकेल बेरिज हे अनेक वर्षे माशीच्या लाळग्रंथींवर काम करत होते. १९८३ मध्ये त्यांनी जर्मन सहकाऱ्यांसह दाखवले की बाहेरून संप्रेरकाची हाक आली की पेशीपटलातून 'आयपी-३' नावाचा छोटा रेणू सुटतो आणि तो आतल्या कोठाराचे दार उघडतो. हेच ते कोठार, फक्त स्नायूबाहेरच्या पेशीतले.

पण कोठार किती वेळ पुरणार? १९८६ मध्ये जेम्स पटनी यांनी कल्पना मांडली की कोठार रिकामे होणे हीच बाहेरचे दार उघडण्याची खूण असावी. घरावरच्या टाकीत बॉलकॉक असतो, पाणी खाली गेले की नळ आपोआप सुरू होतो, तसेच काहीसे. १९९२ मध्ये गटिंगेन येथे मार्कुस होथ आणि राइनहोल्ड पेनर यांनी हा अत्यंत क्षीण प्रवाह प्रत्यक्ष मोजला. तरीही बॉलकॉक म्हणजे कोणते प्रथिन आणि नळ म्हणजे कोणते, हे आणखी तेरा-चौदा वर्षे कोणालाच सापडत नव्हते.

२००५ मध्ये दोन गटांना बॉलकॉक सापडला. तो म्हणजे 'स्टिम-१' हे प्रथिन. त्याचे एक टोक कोठाराच्या आत असते आणि तिथले कॅल्शियम चाचपत राहते. नळ सापडला तो मात्र दोन आजारी मुलांमुळे. एकाच कुटुंबातल्या या मुलांना जन्मापासून प्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हती. त्यांच्या टी-पेशींची कोठारे रिकामी होत, पण बाहेरून कॅल्शियम येतच नसे. हार्वर्डमध्ये अंजना राव यांच्या गटातील श्टेफान फेस्के आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्यामागचा जनुकदोष शोधून काढला. एका प्रथिनातील ९१ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले होते, बस्स. त्याच वर्षी आणखी दोन गट वेगळ्या वाटांनी त्याच प्रथिनापाशी पोचले. त्याला 'ओराय-१' असे नाव पडले. ग्रीक पुराणात स्वर्गाचे दरवाजे राखणाऱ्या देवतांचे हे नाव. नामकरण आपल्याकडे झाले असते तर जय-विजय म्हटले असते!

कर्कपेशीची चाल

कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मूळ गाठीमुळे होत नाहीत, ते रोग इतरत्र पसरल्यामुळे होतात. पसरायचे तर पेशीने शेजाऱ्यांना सोडले पाहिजे, चालत गेले पाहिजे आणि रक्तवाहिनीत शिरले पाहिजे. यातल्या पहिल्या पायरीशी कॅल्शियमचा संबंध जुनाच जोडला गेला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातीलच डेल कोमन यांनी १९४४ मध्ये सूक्ष्म सुयांनी शेजारशेजारच्या पेशी ओढून वेगळ्या केल्या. कर्कपेशी निरोगी पेशींपेक्षा फार सहज सुटल्या. यामागे कॅल्शियमची उणीव असावी, असा त्यांचा तर्क होता. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना बाहेरचे कॅल्शियम लागते, हे पुढे खरे ठरले. मात्र कर्कपेशीत कमी पडतात ती बहुधा ही प्रथिनेच, कॅल्शियम नव्हे.

चालण्याच्या पायरीला मात्र आतले कॅल्शियम लागते. चालणारी पेशी पुढचा काठ पसरते, त्याखाली आधारप्रथिनांच्या कड्या अडकवते आणि मग मागच्या कड्या सोडवून शरीर पुढे ओढते. डोंगराचा कडा चढणारा माणूस पुढची पकड घट्ट करतो आणि मागची सोडतो, तसे. मागची पकड सुटलीच नाही तर चढणारा जागीच खिळून राहील. ती सोडवायला कॅल्शियम लागते. कॅल्शियम आले की 'कॅल्पेन' नावाचे विकर कडीतले प्रथिन कातरते. शरीर ओढणारी आकुंचनाची यंत्रणाही कॅल्शियमच्याच इशाऱ्यावर चालते. बेडकाच्या हृदयातल्या यंत्रणेची ही नात्यातलीच. २००९ मध्ये बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी चालत्या पेशीच्या पुढच्या काठावर कॅल्शियमचे अगदी छोटे, क्षणिक लुकलुकणारे ठिपके पाहिले. पेशी कोणत्या बाजूला वळणार, हे ते ठरवत होते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयातील शेंग्यू यांग, जिलियन झांग आणि शिन-युन हुआंग यांनी सरळ प्रश्न विचारला: कर्कपेशीचे बॉलकॉक आणि नळ काढून घेतले तर? माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाच्या, फार पसरणाऱ्या पेशी त्यांनी घेतल्या आणि त्यांतले स्टिम-१ किंवा ओराय-१ कमी केले. पेशी मेल्या नाहीत, पण त्यांची चाल मंदावली. कड्या वेळेवर सुटेनात, त्या मोठ्या होत गेल्या. उंदरांच्या शरीरातही या पेशींचा प्रसार कमी झाला. भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाने आशा का निर्माण झाली ते समजेल.

लक्षात घेण्याची गोष्ट ही की कर्कपेशीने नवे दार बनवलेले नाही. जखम भरताना त्वचेची पेशी, जंतूंच्या मागे लागलेली पांढरी पेशी हीच दारे वापरतात. कर्कपेशी ती अवेळी आणि वारंवार वापरते, एवढाच फरक. इथेच उपचाराची अडचण सुरू होते.

दारे नेमकी कोणती हे माहीत नसताना एक प्रयत्न होऊन गेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील एलिस कोन आणि लान्स लिओटा यांनी १९९० मध्ये एका रसायनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ते कार्बॉक्सिअ‍ॅमिडोट्रायाझोल या नावाने ओळखले गेले. ते पेशीत शिरणारे कॅल्शियम रोखते आणि काचपात्रात कर्कपेशींचे आक्रमण थोपवते. प्रत्यक्ष रुग्णांत मात्र निराशा झाली. फुप्फुसाच्या कर्करोगावरील तुलनात्मक चाचणीचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. औषध घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्या आयुष्यमानात फरक नव्हता, दुष्परिणाम मात्र औषधाचे अधिक होते.

ओराय-१ चे औषध अधिक नेमके असेल, हे खरे. पण त्या दोन मुलांना विसरून कसे चालेल? ओराय-१ बंद पडले की टी-पेशी निकामी होतात, आणि कर्कपेशींना शोधून ठार करण्याचे काम याच टी-पेशी करतात. माणसाच्या कर्कपेशी उंदरात वाढवायच्या तर मुळात प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर घ्यावे लागतात, नाहीतर त्या परक्या पेशी टिकणारच नाहीत. म्हणजे २००९ च्या प्रयोगात हा प्रश्न उद्भवूच शकत नव्हता. आमच्या मते अशा प्रयोगांच्या बातम्या वाचताना हा मुद्दा सर्वांत आधी तपासावा. २०१३ मध्ये फेस्के यांच्याच गटाने दुसरी बाजू दाखवली. टी-पेशींतली स्टिम प्रथिने काढून टाकलेल्या उंदरांना कर्करोगाच्या गाठी आवरता येईनात. चोराचे पाय बांधायला जावे तर पहारेकऱ्याचे हात बांधले जात होते.

मग मात्रा किती? या प्रश्नावर काम करणाऱ्यांत १९९२ मध्ये तो क्षीण प्रवाह मोजणारे मार्कुस होथ हेही आहेत. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने मारक पेशी आणि कर्कपेशी एकत्र ठेवून बाहेरच्या कॅल्शियमचे आणि ओराय-१ चे प्रमाण बदलत नेले. दार पुरते बंद केले की मारक पेशी काम करत नाहीत, हे अपेक्षित होते. पण दार थोडेसेच ओढून घेतले तर मारक पेशींचे काम चक्क सुधारले आणि कर्कपेशींची वाढ मंदावली. मारक पेशींना कॅल्शियम लागते ते आपल्याला वाटत होते त्यापेक्षा बेताने. ओराय रोखणाऱ्या औषधांच्या माणसांवरील चाचण्या स्वादुपिंडाच्या तीव्र दाहासारख्या आजारांत झाल्या आहेत. कर्करोगात मात्र दार किती ओढायचे आणि किती किलकिले ठेवायचे, हे अजून उंदरांत आणि काचपात्रांतच मोजले जात आहे.